पंखाचे उभे टोक आणि पडद्यावरचे आकाश

(हीरक महोत्सवी वर्षात पालक व माजी विद्यार्थ्यांपुढे झालेल्या विज्ञानविषयक भाषणाची संहिता)



सुटीत दिल्लीहून पुण्याला किंवा कोलकात्याहून मुंबईला आजोळी जाणारे मूल विमानात खिडकीच्या जागेसाठी हट्ट धरते. खिडकीतून विमानाचा पंख दिसतो आणि त्याच्या टोकाशी वर वळलेले, माणसाच्या उंचीहूनही उंच असे एक पाते दिसते. याला विंगलेट म्हणतात. मराठीत 'पंखिका' असा शब्द घडवता येईल, परंतु तो अद्याप कोणाच्या तोंडी नाही. म्हणून येथे विंगलेट हाच शब्द योजिला आहे. घरी परतल्यावर तेच मूल संगणकापुढे बसते, उड्डाणाचा खेळ सुरू करते आणि पडद्यावरच्या विमानालाही तसेच वळलेले पाते आहे हे पाहून हरखते. विंगलेट असलेले विमान अधिक चांगले उडते, असेही ते छातीठोकपणे सांगते.

या विधानात दोन प्रश्न दडलेले आहेत. खऱ्या विमानाला विंगलेटचा लाभ कशामुळे होतो, हा पहिला. दुसरा अधिक अवघड आणि क्वचितच विचारला जाणारा: पडद्यावरच्या विमानाला आपल्याला विंगलेट आहे हे ठाऊक तरी असते काय? खेळ शिकवतो की नुसताच दाखवतो, ही पालकांच्या मनातली शंका या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम खरे विमान. उडताना पंखाखालचा हवेचा दाब वरच्या दाबाहून अधिक असतो आणि पंख हवेला खाली ढकलत असतो. त्या ढकलण्याची प्रतिक्रिया म्हणजे उत्थापन. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. (पंखावरची हवा लांबच्या वाटेने जाते आणि खालच्या हवेला गाठण्यासाठी धावते, हे अनेक पुस्तकांत छापलेले स्पष्टीकरण मात्र चुकीचे आहे. वरची हवा खरोखर वेगाने जाते, पण कोणाला गाठायला नव्हे. ती खालच्या हवेच्या आधीच पंखाच्या मागच्या कडेला पोचते.) पंख अनंत लांबीचा असता तर गोष्ट येथेच संपली असती. खऱ्या पंखाला टोक असते. त्या टोकाशी खालची अधिक दाबाची हवा बाजूने वळून वरच्या कमी दाबाच्या प्रदेशात शिरू पाहते. विमान पुढे जात असल्याने या वळणाचे भोवरे होतात आणि ते दोन्ही टोकांमागे मैलोन्‌मैल रेंगाळतात.

या भोवऱ्यांमुळे पंखाच्या आसपासची हवा सतत थोडी खाली उतरत असते. उतरत्या हवेतून जाणारे विमान हे वाळूच्या टेकडीवर चढणाऱ्या माणसासारखे असते. पाऊल पुढे पडते, पण पायाखालची वाळू खाली सरकते. हवा किंचित वरून येत असल्यामुळे उत्थापनाची दिशाही किंचित मागे कलते आणि त्या कललेल्या बलाचा एक अंश विमानाला मागे खेचू लागतो. याला प्रेरित ओढ म्हणतात. ही ओढ हवेच्या घर्षणामुळे निर्माण होत नाही. वजन हवेत पेलून धरण्याची ती किंमत आहे आणि पंखाला टोक आहे तोवर ती चुकत नाही. आधुनिक जेट प्रवासी विमानाच्या एकूण ओढीत समतल प्रवासाच्या वेळी या ओढीचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. उड्डाणानंतर कमी वेगाने चढताना तो ८० टक्क्यांच्याही वर जातो.

पंख लांब केला की प्रेरित ओढ घटते. गिधाडे आणि घारी यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. लांब पंखाला मात्र मुळाशी अधिक बळकटी लागते, म्हणजे वजन वाढते, आणि विमानतळावर उभे राहायला जागाही अधिक लागते. टोकाशी उभा पडदा लावला तर, ही कल्पना ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १८९७ मध्येच एकस्वाच्या रूपाने नोंदवली होती. त्या वर्षी इंजिनाच्या बळावर माणसाला घेऊन नीट उडणारे विमान अस्तित्वातही नव्हते. पुढे साध्या उभ्या फळ्या लावून पाहण्यात आल्या. त्यांनी जेवढी प्रेरित ओढ वाचवली, जवळजवळ तेवढीच घर्षणाची ओढ वाढवून ठेवली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब होऊ लागला आणि अमेरिकेच्या नासा संस्थेच्या लँगली संशोधन केंद्रातील रिचर्ड व्हिटकम्ब यांनी या जुन्या कल्पनेकडे नव्याने पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: टोकावरची फळी ही भिंत नसून तोही एक पंखच आहे आणि त्याला पंखासारखाच काळजीपूर्वक आकार द्यायला हवा. टोकाच्या वरच्या बाजूने हवा आतल्या अंगाला वाहत असते. त्या तिरप्या प्रवाहात नीट कोनात बसवलेल्या पात्यावर निर्माण होणारे बल आतल्या बाजूला असतेच, पण किंचित पुढेही झुकते. शिडाची होडी समोरच्या अंगाने येणाऱ्या तिरप्या वाऱ्यातूनही पुढे सरकते, त्यातलाच हा प्रकार. जोडीला टोकाजवळचा भोवरा अधिक पसरतो आणि पंखावरची उतरती हवा मंदावते.

विंगलेट भोवरा अडवते वा नष्ट करते, हे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच बरोबर नाही. विंगलेट असलेल्या विमानामागेही भोवरे असतात, आणि मोठ्या विमानामागून उतरणाऱ्या लहान विमानाला तेवढेच अंतर राखावे लागते.

व्हिटकम्ब यांचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्याच्या बोगद्यातील त्यांच्या चाचण्यांत प्रेरित ओढ सुमारे २० टक्क्यांनी घटली. पंखाच्या मुळावर तेवढाच ताण पडेल अशा बेताने नुसता पंख लांबवून मिळालेल्या लाभाच्या दुपटीहून अधिक लाभ विंगलेटने दिला. १९७९-८० मध्ये कॅलिफोर्नियातील ड्रायडन केंद्रात केसी-१३५ या इंधनवाहू लष्करी विमानावर ही पाती बसवून प्रत्यक्ष उड्डाणे झाली आणि इंधनाच्या मैलगणतीत सुमारे साडेसहा टक्के सुधारणा नोंदली गेली. तोवर लिअरजेट २८ या छोट्या विमानाने ती उचललीही होती. १९८८ मध्ये बोइंग ७४७-४०० हे विमान विंगलेट लावून प्रथम उडाले आणि सर्वसामान्य प्रवाशाच्या नजरेत ती भरली.

याच ७४७-४०० ची एक आवृत्ती जपानमधील अंतर्गत वाहतुकीसाठी बनली. तिला विंगलेट नव्हत्या. तोक्यो-ओसाकासारख्या छोट्या फेऱ्यांत विमान उंचावर फार काळ राहतच नाही. पात्याचे वजन आणि घर्षण मात्र प्रत्येक फेरीत सोबत असते. विंगलेट म्हणजे वरदान अशी समजूत बाळगणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे. ती एक देवघेव आहे. विमान जड असेल, उंचावर असेल, दीर्घकाळ उडणार असेल, तर सौदा फायद्याचा; नाही तर तितकासा नाही.

आपल्याकडे आज सर्वाधिक दिसणारी उदाहरणे दोन. एअरबस ए-३२० ला पूर्वी टोकाशी बाणाच्या पिसासारखी छोटी कुंपणे असत. २०१२ पासून त्यांच्या जागी सुमारे २.४ मीटर उंचीची शार्कलेट नावाची पाती आली, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार लांब पल्ल्यावर ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचू लागले. बोइंग ७३७-८०० ला २००१ पासून सुमारे अडीच मीटर उंचीची, गोलाईने वळणारी विंगलेट मिळाली. या दोन्ही विमानांची पंखरुंदी पाती धरून ३५.८ मीटर भरते. हा योगायोग नव्हे. या वर्गातील विमानांसाठी विमानतळांवर ३६ मीटरची मर्यादा असते. पंख आडवा वाढवायला जागा उरली नाही म्हणून तो उभा वाढला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता पडद्याकडे वळता येईल. उड्डाणाच्या खेळात दिसणारे विमान आणि उडणारे विमान या दोन निराळ्या वस्तू असतात. दिसणारे विमान म्हणजे चित्रकाराने घडवलेला त्रिमित आकार: रंग, खिडक्या, चाके, विंगलेट. उडणारे विमान म्हणजे आकड्यांची एक वेगळी फाइल. वजन किती, पंखाचे क्षेत्रफळ किती, ओढीचे गुणांक किती, इंजिनाचा रेटा किती, हे तिच्यात लिहिलेले असते. खेळाचा गणिती भाग ही दुसरी फाइल वाचतो. पहिलीकडे तो बहुतेक वेळा पाहतही नाही. परिणामी एखाद्या हौशी कारागिराने जुन्या विमानाच्या चित्रावर सुबक विंगलेट चढवल्या आणि आकडे तसेच ठेवले, तर ते विमान दिसेल नवे आणि उडेल जुन्यासारखेच. मुलाला वाटते की ते अधिक सुरेख तरंगते. हा डोळ्यांनी मनाला दिलेला कौल असतो.

१९८२ पासून चालत आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची अनेक वर्षांची पद्धत तक्त्यांची होती. विमानाच्या फाइलीत भूमितीचा एक विभाग असे. त्यात पंखाचे क्षेत्रफळ, पंखरुंदी, मागे कलण्याचा कोन असे तपशील एकाखाली एक येत. त्यांतच 'विंगलेट्स फ्लॅग' नावाची एक ओळ असे आणि तिच्यापुढे शून्य किंवा एक. विंगलेट आहे किंवा नाही! तिची उंची, तिचा बाहेर झुकलेला कोन, वळणाची गोलाई, आत वळवलेला बेत, व्हिटकम्ब यांनी वाऱ्याच्या बोगद्यात ज्याच्यासाठी वर्षे घालवली ते सारे, त्या एका ओळीत मावावे अशी अपेक्षा. जवळच दुसरी एक ओळ असे, ती फार मोलाची: 'ऑस्वाल्ड एफिशिअन्सी फॅक्टर'. बेली ऑस्वाल्ड या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा हा कार्यक्षमतेचा अंक १९३० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ झाला. प्रेरित ओढीच्या दृष्टीने आदर्श पंखाच्या तुलनेत हा पंख किती उतरतो, हे तो सांगतो. साध्या आडव्या पंखाच्या बाबतीत आदर्शाला १ मानतात आणि प्रत्यक्ष विमाने ०.७५ ते ०.८५ च्या आसपास असतात. विंगलेटचा खरा परिणाम साध्या गणितात आणायचा, तर तो या अंकातूनच आणावा लागतो.

ऑस्टिन मायर यांच्या एक्स-प्लेन या खेळाने वेगळी वाट धरली. त्यात पंखाचे अनेक लहान तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्यावर वारा कोणत्या कोनातून आणि किती वेगाने येतो हे दर सेकंदाला अनेकदा काढले जाते, आणि सर्व तुकड्यांवरच्या बलांची बेरीज करून विमान हलवले जाते. येथे विंगलेट म्हणजे जवळजवळ उभा केलेला, पंखाला जोडलेला एक छोटा पंखच. आकार बदलला की उड्डाण बदलते, म्हणून ही पद्धत शिकणाऱ्याला आवडते, आणि आवडावीही. तथापि तिचीही एक अडचण आहे. तुकड्यातुकड्याचा हिशेब करताना एका तुकड्याला शेजारच्या तुकड्याची खबर आपोआप लागत नाही. विंगलेटचे सारे मर्म तर शेजारधर्मात आहे: ती स्वतः जेवढे करते त्याहून अधिक ती मूळ पंखावरची हवा बदलून करते. हा परस्परसंबंध मग पंखाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून काढलेल्या दुरुस्त्यांद्वारे वरून घालावा लागतो. २०२० मध्ये आलेल्या नव्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरनेही विमानाच्या पृष्ठभागाचे अनेक तुकडे करण्याचा मार्ग पत्करला. आकडे नीट जुळवण्याचे काम तेथेही विमान घडवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर राहतेच.

मग आपल्या घरातल्या खेळातील विमान प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखायचे कसे? खेळाच्या वेष्टणावरील स्तुती वाचून नव्हे. ते मोजून ओळखता येते, आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला पेलेल असाच हा प्रयोग आहे.

एकाच विमानाच्या विंगलेट असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन आवृत्त्या घ्याव्यात. ७३७-८०० च्या अशा जोड्या सहज आढळतात. वारा बंद, ढग बंद, तापमान व दाब प्रमाणित. दोन्हींचे एकूण वजन ७० टन. उंची ३५,००० फूट, वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट. स्वयंचालकाच्या हाती विमान सोपवून दहा मिनिटे काहीही न करता बसावे. मुलांना हाच भाग सर्वांत जड जातो. काटे स्थिरावले की दोन्ही इंजिनांचा ताशी इंधनखर्च टिपून घ्यावा. हे तीनदा करावे, कारण शोधायचा फरक लहान आहे. या विमानाचा खर्च अशा स्थितीत ताशी साधारण २,४०० किलोच्या घरात असतो. त्यात चार टक्के म्हणजे शंभर किलोंहून थोडे कमी. वजनात दोन टनांची तफावत राहिली किंवा एक आवृत्ती दोन हजार फूट खाली उडवली, तर हा फरक कुठल्या कुठे वाहून जाईल.

फरक मिळाला म्हणून लगेच समाधान मानू नये. खरी परीक्षा पुढे आहे. प्रेरित ओढ वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा ७० टन वजनाला एकूण ओढीत प्रेरित ओढ ४० टक्के आहे आणि विंगलेटमुळे ती एक दशांशाने घटली. एकूण बचत ४ टक्के. आता तेच विमान त्याच उंचीवर, त्याच वेगाने, पण ५५ टन वजनाने उडवले तर प्रेरित ओढ पूर्वीच्या सुमारे ६२ टक्के उरते आणि एकूण बचत ३ टक्क्यांच्या जवळ येते. त्याच हलक्या विमानाला १०,००० फुटांवर आणून वेगदर्शकावर ३२० नॉट राखले, तर हिशेबाने बचत जेमतेम सव्वा-दीड टक्का भरते. पात्याचे स्वतःचे घर्षण वजा घातले की हाती जवळजवळ काहीच राहत नाही. हा ढोबळ हिशेब आहे, पण त्याची दिशा पक्की आहे: जड आणि उंच विमानात बचत अधिक, हलक्या, खालच्या व वेगवान विमानात कमी.

पडद्यावरचे विमान ही दिशा दाखवत असेल, तर त्याच्या पोटात कोठेतरी खरे भौतिकशास्त्र आहे. तिन्ही परिस्थितींत फरक शून्य आला, तर विंगलेट केवळ रंगकाम आहे. आणि तिन्हींत हुबेहूब चार टक्के आले, तर? तर निर्मात्याने इंजिनाच्या इंधनखर्चावर सरसकट चार टक्के सूट देऊन टाकली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात सणाची सूट देतात तशी. ही तिसरी लबाडी सर्वांत फसवी, कारण एकदाच मोजणाऱ्याला ती अगदी खरी वाटते. एका मोजणीने उत्तर बरोबर आले म्हणजे रीत बरोबर असते असे नाही, हे गणिताच्या वह्या तपासणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते.

इंजिने मंद करून, कमी वेगाने तरंगत खाली येण्याची चाचणीही करावी. त्या स्थितीत ओढीत प्रेरित भागाचा वाटा वाढलेला असतो, म्हणून विंगलेटवाल्या विमानाने मिनिटाला थोडे कमी फूट खाली यायला हवे. वेग वाढवत नेला की दोघांतले अंतर मिटत जावे. एक सावधगिरी मात्र हवी. पात्यांना स्वतःचे वजन असते आणि पंख बळकट करावा लागतो तो निराळा. ७३७ वर मागाहून बसवलेल्या संचाने साधारण दोनशे किलोंची भर पडते. एकूण वजन सारखे ठेवून केलेली तुलना हवेचे उत्तर देते. प्रवासी व सामान सारखे ठेवून केलेली तुलना विमान कंपनीच्या मुनीमाचे. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्यांची सरमिसळ झाली की वाद संपत नाही.

ज्यांना पैसे खर्चायचे नाहीत त्यांच्यासाठी फ्लाइटगिअर हा विनामूल्य आणि खुला खेळ आहे. त्यातील अनेक विमानांच्या फाइली साध्या मजकुरासारख्या उघडून वाचता येतात. प्रेरित ओढीचा गुणांक कोणत्या ओळीत आहे हे शोधावे, मूळ फाइलीची प्रत जपून ठेवावी, गुणांक एक दशांशाने घटवावा आणि पुन्हा उडवून पाहावे. चित्रातले पंख जसेच्या तसे राहतात, विंगलेट कोठेही उगवत नाही, तरी विमान विंगलेट लावल्यासारखे वागू लागते. चित्र आणि उड्डाण वेगळे असल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. मुलाने दिवसभर उडवलेल्या विमानापेक्षा त्याने बदललेली ही एक ओळ अधिक शिकवून जाते, असे स्पष्ट मत येथे नोंदवणे योग्य ठरेल. खेळावर किती वेळ जातो एवढेच पाहणाऱ्या पालकांनी त्या वेळात काय मोजले गेले हेही कधी विचारावे.

वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी सिम्युलेटर यंत्रे याच जातीची, पण निराळ्या शिस्तीची असतात. त्यांतील आकडे विमान निर्मात्याने खऱ्या उड्डाणचाचण्यांतून मिळवलेले असतात आणि यंत्राचे वागणे त्या नोंदींशी ठरलेल्या मर्यादेत जुळते की नाही, हे नियामक संस्था ठराविक काळाने तपासते. भारतात हे काम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आहे. तेथे विंगलेट हा चित्राचा विषय राहूच शकत नाही, कारण शिकणारा उद्या दीडशेहून अधिक माणसे मागे बसवून उडणार असतो. घरातल्या खेळावर असा तपासनीस नेमलेला नाही. ती जागा रिकामी आहे आणि नववीतले मूल वही-पेन्सिल घेऊन तिथे बसू शकते.

एक शंका मुले हमखास काढतात. बोइंग ७८७ हे एवढे आधुनिक विमान. त्याला विंगलेट का नाही? त्या विमानाचा पंख टोकाकडे निमुळता होत मागे वळत जातो आणि आडवाच संपतो. हलक्या संयुक्त पदार्थांमुळे लांब पंख बांधणे त्याला परवडले, पंखरुंदी सुमारे ६० मीटर झाली आणि टोक उभे करण्याची गरज उरली नाही. बोइंग ७७७-एक्स तर याहून पुढे गेले: हवेत जवळजवळ ७२ मीटर आणि जमिनीवर टोके दुमडून ६५ मीटरच्या आत. म्हणजे लाभ उभेपणात नसून पंखाची परिणामकारक लांबी वाढण्यात आहे. उभेपणा ही जागेच्या टंचाईतून निघालेली तोड आहे. ७८७ वर हा प्रयोग करू इच्छिणाऱ्याने विंगलेटच्या ओळीला हात लावू नये. पंखरुंदीचा आकडा दोन-तीन मीटरने कमी-जास्त करून इंधनाचा काटा पाहावा. विंगलेटच्या ओळीपुढे तेथे शून्य असेल, आणि ते शून्य बरोबर आहे.